ज्या आळीनं करंडक घडवला

शाळा माझी दुसरीपर्यंतच. तेव्हा लिहिण्यात चुका निघतील, सांगण्यात निघायच्या नाहीत.

एकोणीसशे तीसच्या पुढची गोष्ट. नाशकात गोदेकाठी एका मोठ्या पुढाऱ्याची सभा झाली. बाईही माणूसच आहे आणि माणसाचे सगळे हक्क तिलाही मिळाले पाहिजेत, एवढंच तो वेगवेगळ्या तऱ्हेनं सांगत होता. विधवांचंही बोलला. मी खाली मान घालून ऐकलं. माझी धाकटी बहीण नवरा गेल्यावर परत आली होती, पोरवयातच. सगळ्यांची पानं उठल्यावर उरलंसुरलं खायची.

त्या पुढाऱ्याचा सत्कार ठरला. मानपत्र ठेवायचा तांब्याचा करंडक आमच्या तांबट आळीनं घडवला. जातीचे पंच माझे शेजारी. झाकण त्यांनी स्वतः मठारलं, आणि ठोके कसे एकसारखे पडलेत ते आल्यागेल्याला दाखवत बसले.

पुढं मी बहिणीसाठी निफाडचं स्थळ पाहिलं. बिजवर, पण सरळ माणूस. तिला विचारलं तर म्हणाली, "दादा, या आळीत तुला राहायचंय." मी म्हटलं, माझं मी बघतो, तू तुझं सांग. तिनं होकार दिला.

पंच आले ते ओट्यावरच उभे राहिले. "भाषणं ऐकायची असतात रे, घरात नसतात आणायची."

"मग करंडक कशाला घडवलात, काका?"

"ते आळीच्या नावाचं काम होतं. हे लग्न केलंस तर तुझ्या दारात कुणी यायचं नाही."

लग्न केलं. कुणी आलं नाही.

आमच्या धंद्यात मोठा हंडा एकट्यानं होत नाही. एकानं धरून फिरवायचा, दुसऱ्यानं ठोकायचा. आळीत कधी बोलवावं लागायचं नाही. ठोका ऐकला की शेजारचा आपणहून येऊन बसायचा. आता मी ठोके घालायचो. वाट बघायचो नाही असं लोकांना सांगायचो, पण बघायचो. शेवटी हंडे सोडले, तांबे-पेले करू लागलो. बायको आधीच वारलेली. दिवसचे दिवस तोंडातून शब्द निघायचा नाही.

तोच पुढारी पुन्हा नाशकात आला. सभा संध्याकाळची, पण सकाळपासूनच आळीत धुतले सदरे बाहेर निघाले. मला कुणी चल म्हटलं नाही. मी दुकानाला कुलूप घातलं आणि निफाडची गाडी धरली.

गेलो तेव्हा तिच्या घरी जेवणं चालली होती. ती नवऱ्याशेजारी ताट घेऊन बसली होती, वाफाळती भाकरी मोडत. मला बघून उठायला लागली. मी म्हटलं, बस, आधी जेव. मी समोर बसून तिचं जेवण होईस्तोवर नुसता बघत राहिलो.

"एकटा काय करतोस तिथं? इथंच राहा ना, दादा," ती म्हणाली. मेव्हण्यांनी मागची खोली दाखवली. मनातून फार वाटलं. पण राहिलो असतो तर आळी म्हणाली असती, पळाला.

संध्याकाळच्या गाडीनं परत आलो. आळी अजून सभेतच होती. मी दार उघडलं, दिवा लावला आणि सगळ्यांना परत येताना मी दिसेन अशा बेतानं ओट्यावर बसून राहिलो.