फोटोतली कोरी भिंत

सांगलीजवळ कुपवाडच्या आमच्या वर्कशॉपमध्ये एक रिवाज होता. सकाळी जो आधी येईल त्यानं शटर उघडायचं आणि भिंतीवरच्या दोन्ही तसबिरींना उदबत्ती लावायची. एक तसबीर गणपतीची, दुसरी बुद्धाची. गणपती माझ्या भागीदाराच्या घरचा, बुद्ध आमच्या घरचा. मी आधी पोचलो तर गणपतीलाही मीच उदबत्ती लावायचो, तो आधी आला तर बुद्धाला तो लावायचा. हे कुणी ठरवलं नव्हतं. पहिल्या दिवशी तसं घडलं आणि पुढं तसंच चालू राहिलं.

आम्ही दोघं आयटीआयपासूनचे जोडीदार, पलूसकडच्या शेजारशेजारच्या गावांचे. त्याच्या घरी उसाची शेती, थोरला भाऊ मिल्ट्रीत. माझे वडील गवंडी. आमच्या लोकांनी धम्म स्वीकारला तेव्हा ते मिसरूड फुटलेलं पोर होते, आणि तो दिवस ते कधी विसरले नाहीत. वर्कशॉपच्या उद्घाटनाला ती बुद्धाची तसबीर ते एसटीतून मांडीवर धरून घेऊन आले. खिळाही त्यांनीच ठोकला. "भागीदारी कर," म्हणाले, "पर ही हितनं हलता कामा न्हाई." मला हसूच आलं. कोण हलवणार होतं?

आम्ही पंपाच्या फिरत्या दांड्याभोवती बसणाऱ्या पितळी नळ्या, म्हणजे बुश, करायचो. मी लेथवर, तो गिऱ्हाइकांत. त्याच्या जिभेवर साखर, आणि मी फटकळ, तेव्हा ही वाटणी दोघांच्याही सोयीची होती.

नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा त्याच्या डोक्यात वेबसाइट शिरली. "गड्या, आता गिऱ्हाईक कुपवाडला यायच्या आदी कंप्युटरवर येतंय," तो सांगायचा. "पयली नजर तितंच पडती. तितं जे दिसल, तेच आपुन."

"मग आदी तुजा बनियन धू," मी म्हणालो. दोघंही खूप हसलो.

सांगलीत कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्या एका बाईंनी ते काम घेतलं. त्यासाठी फोटोग्राफर बोलावला. आम्ही इस्त्रीचे शर्ट घालून, पितळेचा कीस झाडून, भिंतीपुढं उभे राहिलो. त्याच्या डोक्यावर गणपती, माझ्या डोक्यावर बुद्ध.

वेबसाइट तयार झाल्याचं कळलं तसा मी वडिलांना घेऊन क्लासवर गेलो. जन्मभर दुसऱ्याच्या भिंती बांधणाऱ्या माणसाला पोराची भिंत जगाला दिसतेय हे दाखवायचं होतं, एवढीच माझी हौस. वडील धुतलेला नेहरूशर्ट घालून आले होते. मॉडेमनं बरीच किरकिर केली आणि फोटो वरून खाली, पट्ट्यापट्ट्यांनी उतरू लागला. आधी पत्रे आले. मग गणपती आला. शेजारी भिंत आली. नुसतीच भिंत. मला वाटलं, अजून यायचं असेल. मग आमची डोकी आली, शर्ट आले, लेथ आलं. फोटो पुरा झाला. मी कोऱ्या भिंतीखाली दात काढून उभा होतो.

वडील म्हणाले, "आपली कुठं हाय रं?"

मी बाईंकडं बघितलं. त्या बिचाऱ्या गोंधळल्या. "तुमच्या पार्टनरनीच पुसायला सांगितली. पाहणाऱ्याला पहिल्याच नजरेत प्रश्न पडायला नको, म्हणाले. तुम्हाला माहीत नव्हतं?"

परतीच्या एसटीत वडील खिडकीबाहेर बघत बसले. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी भागीदाराला धरलं. तो म्हणाला, "तुला काडलं का? तू हाईस की फोटूत. भायरच्या गिऱ्हाइकाला आपन म्हायती न्हाई. त्येच्या मनात पयल्यांदाच कायबाय याय नको."

"कायबाय म्हंजे काय?"

तो लेथवरचा कीस बोटानं झाडू लागला.

"जात म्हण की," मी म्हणालो.

"तू लय ताणतुयास गड्या. भिंतीवर हाय न्हवं? ती कोन काडतंय?"

भरवशाच्या म्हशीला टोणगा म्हणतात तो हा. तरी मी पुढं ताणलं नाही, कारण भिंतीवर ती खरोखरच होती.

पुढं वेबसाइट बघून परराज्यातला एक व्यापारी यायला निघाला. भागीदार माझ्याजवळ आला, आवाज अगदी मऊ. "तेवड्यापुरती उतरव. वेबसाइटवर एक आन् हितं दुसरंच दिसलं तर मानूस बिचकंल."

"मी न्हाई उतरवणार," मी म्हणालो. तो "बरं" म्हणून गेला. मला वाटलं, विषय मिटला.

व्यापारी यायच्या दिवशी मी लवकर पोचलो, पण तो माझ्याही आधी आला होता. फरशी झाडलेली होती. गणपतीपुढं उदबत्ती जळत होती. शेजारी भिंतीवर पांढुरका चौकोन, आणि त्यावर नुसता खिळा. तसबीर कोपऱ्यात, हात पुसायच्या चिंध्यांच्या खोक्यात होती, वर्तमानपत्रात नीट गुंडाळून, सुतळी बांधून. त्या नीटपणाचाच मला सगळ्यात जास्त संताप आला. इतकी वर्षं त्याच हातांनी तो तिला उदबत्ती लावत होता. केसानं गळा कापणं मी नुसतं ऐकून होतो.

व्यापारी आला, इकडंतिकडं बघून खूश झाला. "बिलकुल वेबसाइट जैसा है," म्हणाला. भागीदार हसला. मी खोक्यातली तसबीर उचलली आणि त्या दोघांच्या मधून बाहेर पडलो. त्या शटरमधून मी पुन्हा आत गेलो नाही.

एसटीत ती मी मांडीवर धरली होती. घरी वडिलांनी सुतळी सोडली, काच धोतराच्या सोग्यानं पुसली.

"तू उतरवलीस?"

"न्हाई. त्यानं."

त्यांनी मोठा श्वास सोडला. हातोडी शोधायला उठले, आणि दारातच थांबले.

"आन् खिळा?"

"तितंच हाय."

"असूं दे," ते म्हणाले. "त्यो मी ठोकलाय. त्येच्या बापालाबी निगायचा न्हाई."