जमिनीवरून उचलताना

पौषातल्या सकाळी लोखंडी बारला हात लावला की त्याचा गारवा तळव्यातून थेट खांद्यापर्यंत चढतो. लोणावळ्यातल्या आमच्या पत्र्याच्या व्यायामशाळेच्या दारापर्यंत तेव्हा दरीतलं धुकं आलेलं असतं, आणि पकड घट्ट बसावी म्हणून हातांना चोळलेल्या खडूचा कोरडा वास हवेत तरंगत असतो. मी इथे धावपटूंची ताकद घडवते. जमिनीवरचं वजन उचलून ताठ उभं राहायचं, याला आम्ही डेडलिफ्ट म्हणतो. किती साधी क्रिया! आणि तिच्याच पायी एका मुलीचं धावणं माझ्या हातून थांबणार होतं.

सारिका खंडाळ्याजवळच्या डोंगरवाडीतली. डोंगरवाटांच्या शर्यतीत ती चढावर अशी जायची, की वाटावं, डोंगरच तिला हात धरून वर नेतो आहे. तिची वाढती ताकद पाहून मला लोभ सुटला. सोमवारी जड डेडलिफ्ट, गुरुवारी पुन्हा तीच, तितकीच जड, आणि लगेच शुक्रवारी उतारावरचा सराव. तिच्या चेहऱ्यावरचा शीण मला दिसत होता. पण शिकवणाऱ्याचा अहंकार कानाशी किती गोड बोलतो! एका शुक्रवारी उतारावर तिच्या मांडीचा मागचा स्नायू ओढला गेला आणि ती वाटेतच मटकन बसली.

दुसऱ्या दिवशी तिची आई आली. आयुष्यभर सरपणाच्या मोळ्या वाहिलेली ती माउली दारातच थबकली.

"बाई, वझं उचलून माजी कंबर गेली," ती म्हणाली. "पोरीचं तसं व्हाया नगं. तिला हितं पाठवू का नगं, तुमीच सांगा."

"चूक माझी आहे, मावशी," मी म्हणाले. "एकदा सुधारू द्या."

तिनं होकार दिला नाही. पण डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर सारिकेसोबत ती स्वतःही येऊ लागली आणि कोपऱ्यात बसून सारं पाहू लागली.

मी सगळा आठवडा नव्यानं मांडला. जमिनीवरून जड उचल एकदाच, सोमवारी. दुसऱ्या दिवशी फक्त हलकं धावणं. गुरुवारी रोमानियन डेडलिफ्ट, म्हणजे गुडघे किंचित सैल ठेवून हलका बार नडगीपर्यंतच उतरवायचा आणि मांडीमागचा ताण शांतपणे जाणायचा. नंतर एका पायावरची उचल, कारण धावताना प्रत्येक पावलाला शरीराचा भार एकाच पायावर तर येतो! अंग जड वाटलं, तर बार ठोकळ्यांवर ठेवून वरूनच उचलायचा. शर्यतीच्या आठवड्यात मात्र अगदी हलक्या वजनानं स्नायूंना नुसती आठवण द्यायची. ताकद ही विश्रांतीच्या कुशीत वाढणारी गोष्ट आहे, हे मला इतक्या उशिरा का उमगावं?

एकदा मावशी उठून जवळ आल्या. मी त्यांच्या हाती लाकडी काठी दिली, पाठ सरळ ठेवायला सांगितली, नितंब मागे ढकलून खाली जायला शिकवलं. दोन-तीनदा चुकल्या, मग अलगद वर आल्या.

"आसं व्हय!" त्या पुटपुटल्या. "आमाला कुनी सांगितलंच न्हाई."

सारिकेनं पाठ फिरवली. ती डोळे पुसत होती.

फाल्गुनात शर्यत झाली. सारिका पाचवी आली. शेवटच्या रेषेशी उभी असलेली मी मनातल्या मनात हळहळले. आणखी एक जड उचल घ्यायला हवी होती का, हा जुना लोभ पुन्हा डोकावलाच! तेवढ्यात उताराच्या वळणाशी थांबलेल्या मावशी लगबगीनं माझ्याकडे आल्या. चेहरा नुसता उजळलेला.

"बाई, उतारावर पळता पळता तिनं मला हात केला," त्या म्हणाल्या. "हसली बी. दुकत आसतं, तर हसली आसती का?"

मी पुढच्या चौघींची नावं विचारायला निघाले होते. ते राहिलंच. मी मावशींचा हात हाती घेतला आणि त्यांना म्हणाले, "पुन्हा सांगा ना, कशी हसली?"