पेटीवर बसले ती सभा

परवा दवाखान्यात डोळ्यांत थेंब घातले, त्यांची कडू चव घशात उतरली आणि आमच्या गावातली ती सभा आठवली बघा. सरकारी शिबिरात मोतीबिंदू काढला नि माझ्या जावेचा डोळाच गेला. पुढच्या शिबिराआधी लोकांचं म्हणणं कळावं म्हणून शाळेत पत्र्याची पेटी ठेवली होती. जावेनं सांगितलं, मी लिहून टाकलं. सभेत नाशिकच्या साहेबांनी वरच्या दोनच चिठ्ठ्या वाचल्या, जेवण छान होतं म्हणणाऱ्या, आणि पेटीला परत कुलूप घातलं. काळा चष्मा सावरत जाऊ म्हणाली, "माझी चिठ्ठी कुठं हाय वो?" साहेब म्हणाले, "आजी, बाकीच्या ऑफिसात वाचू." मग काय, मी पदर खोचला आणि सरळ पेटीवरच जाऊन बसले. म्हटलं, "न्या आता, मलाबी घेऊन जा!" बाया खिदळल्या. साहेब म्हणाले, "मावशी, उठा, हे सरकारी काम आहे." मी म्हटलं, "काम सरकारी, पण डोळा तर आमच्या घरचा होता ना?" शेवटी कुलूप निघालं, आणि एकीची ऑपरेशनची हत्यारं न उकळता दुसरीला लावली, हे जावेच्या चिठ्ठीतलं साहेबांनाच माइकवर वाचावं लागलं. आता माझ्या मोतीबिंदूची पाळी आलीय. परवा थेंब घालणाऱ्या नर्सला मी आधी तेच विचारलं, "तुमची तक्रारपेटी कुठंय, आणि ती उघडता कोणासमोर?"