गुरुवारच्या पेपरातला फोटो

आमच्या घरी पेपर रोज यायचा, पण बाबा तो रविवारीच वाचायचे. घाटंजीहून येणाऱ्या सकाळच्या एसटीतून गठ्ठा खाली पडायचा, त्यातला आमचा अंक घडी न मोडता कोनाड्यात जायचा आणि रविवारी चहा झाला की सात अंक एकदम बाहेर निघायचे. मी लहानपणी कारण विचारलं तेव्हा बाबा म्हणाले होते, "रविवारपर्यंत अर्ध्या बातम्या आपोआप खोट्या निघतात. तेवढं वाचाचं वाचते."

बाबा निवृत्त पोस्टमन. उभी हयात सायकलवरून लोकांच्या बातम्या पोचवल्या, त्यामुळे असेल, पण कुठल्याही बातमीवर त्यांचा पटकन विश्वास बसत नसे. मी घाटंजीच्या शाळेत शिकवायला लागले होते आणि रविवारी मोठ्याने वाचून दाखवायचं काम माझ्याकडे होतं. मी मथळा वाचला की बाबांचा पहिला प्रश्न ठरलेला, "कोणं पाह्यलं?" कापूस खरेदी केंद्र दोन दिवसांत सुरू होणार, असं मी वाचलं की ते म्हणत, "हे दोन दिवस मी चार आठवड्यांपासून ऐकून राह्यलो." मंत्र्यांच्या दौऱ्याची बातमी मात्र ते खरी धरत, कारण आदल्या दिवशी रस्त्यावरचे खड्डे बुजलेले त्यांनी स्वतः पाहिलेले असत.

कापसाची ती वाईट वर्षं होती. जिल्ह्याचं नाव रोज कुठल्या ना कुठल्या पेपरात असायचं. आमच्या रस्त्याला एसटी आणि बैलगाड्यांशिवाय फारसं काही येत नसे, तिथे आता पांढऱ्या गाड्या यायला लागल्या. कोणी फॉर्म भरून घ्यायला, कोणी कॅमेरा घेऊन, कोणी नुसतं बघायला. सुरुवातीला लोकांनी त्यांना चहा पाजला, खाटा टाकून दिल्या. पुढे गाडीची धूळ दिसली की अर्धं गाव घरात जायचं आणि उरलेलं अर्धं पारावर बसून, कोणाच्या दारी थांबते ते बघायचं. गाडी गेली की ज्याच्या दारी ती थांबली त्याच्याकडे लोक वेगळ्याच नजरेने पाहत. याने काय सांगितलं असेल? कोणाचं नाव घेतलं असेल?

त्या आठवड्यात लोक बाबांकडे तसे पाहू लागले. गुरुवारी संध्याकाळी ते विहारातून घरी आले आणि म्हणाले, "आज सारे माझी तब्येत काहून विचारून राह्यले?" शुक्रवारी ते तालुक्याच्या पोस्टात हयातीचा दाखला द्यायला गेले. पेन्शनवाल्यांना नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याची सही करावी लागते. तिथल्या कारकुनाने म्हणे त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं, सही घेतली, आणि "घरी सगळं ठीक आहे ना, बाबूजी?" असं दोनदा विचारलं. शनिवारी बाबा हातपंपाजवळून गेले तेव्हा बोलत असलेल्या बाया एकदम गप्प झाल्या.

"काहीतरी शिजून राह्यलं गावात," बाबा आईला म्हणाले.

"तुमचं आपलं कायतरीच," आई म्हणाली आणि चुलीकडे वळली. तिने नेहमीसारखा वाद घातला नाही, हे माझ्या लक्षात आलं. दोन दिवसांपासून ती कमी बोलत होती. पेपरात फोटो कोणाकोणाचे आहेत हे बघायला तिला फार आवडायचं, पण त्या आठवड्यात तिने कोनाड्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं.

रविवारी सकाळी बाबा ओट्यावर आरसा टेकवून दाढी करत होते. पहिली एसटी आली आणि थोड्या वेळाने फाट्याकडून कोणीतरी रडत येत असल्याचा आवाज आला. ती माझी आत्या होती, राळेगावहून आलेली. डोक्यावरचा पदर सुटलेला, हातात पिशवी, आणि "माहा भाऊ, माहा भाऊ" म्हणत ती अंगणात शिरली. समोर बाबा, अर्ध्या गालाला साबण. आत्या तिथेच मट्‌कन खाली बसली. मग तिने उठून आधी बाबांचा हात चाचपून पाहिला आणि नंतर त्यांच्यावरच चिडली.

"मेला नाई तर पेपरात कसा आला रे तू?"

तिच्या शेजारणीने पेपरात आईचा फोटो पाहिला होता. खाली जे छापलं होतं ते वाचून दाखवलं होतं. ऐकल्यावर आत्याला रात्रभर डोळा लागला नव्हता.

मी कोनाड्यातून गठ्ठा काढला. गुरुवारच्या अंकात, आतल्या पानावर, चांगला हातभर फोटो होता. कापसाच्या शेतात आई उभी, कमरेला वेचणीची ओटी बांधलेली, डोळे भरून आलेले. खाली लिहिलं होतं की घाटंजी तालुक्यातल्या एका गावात घरधनी गेल्यानंतर त्याची पत्नी एकटीने कापूस वेचते आहे. नाव कोणाचंच नव्हतं. पण आईचा चेहरा नावाची गरज पडू नये इतका स्वच्छ आला होता.

आमच्याकडे शेतच नव्हतं. आई कधीमधी शेजारणींबरोबर वेचणीला जायची, माहेरची सवय म्हणून.

बाबांनी उरलेली दाढी केली नाही. साबण पुसला आणि पेपर हातात घेऊन तो मजकूर स्वतः दोनदा वाचला. मग आईला म्हणाले, "हा फोटो कोणं काढला?"

"आलते कोणी कोणी वावरात. मले काय ठाऊक."

"अन् मी मेलो म्हणून कोणं सांगतलं?"

आई म्हणाली, "त्याईनं आपल्या मनानं लिहिलं असन." आणि आत्यासाठी चहा ठेवायला आत गेली.

बाबांनी दुपारी तीन जणांवर संशय घेतला. पहिला, घाटंजीच्या बसस्टँडजवळ झेरॉक्सचं दुकान चालवणारा वार्ताहर. तो बाहेरच्या पत्रकारांना गावं दाखवत फिरायचा. दुसरा सरपंच, कारण मागच्या उन्हाळ्यात पाण्यावरून त्यांचं वाजलं होतं. तिसरी मी. "तुह्या शाळेत येतात हे लोकं," ते म्हणाले. "तू काही बोलली असशीन अन् तुले आठवत नसन." मला राग आला, पण मीही मनातल्या मनात तेच करत होते. माझा संशय आईवर होता. काय म्हणून, ते मला सांगता आलं नसतं.

त्यांनी संपादकाला पत्र लिहायला घेतलं. सुवाच्य अक्षरात, समास सोडून. 'सदर छायाचित्रातील महिला माझी पत्नी असून मी आजमितीस हयात आहे.' पुढे मागणी केली होती की खुलासा त्याच पानावर, तेवढ्याच जागेत छापावा. ते पाकिटात घातलं, पण चिकटवलं नाही. आधी वार्ताहराला समोरासमोर विचारायचं होतं.

सोमवारी मी शाळेत निघाले तेव्हा बाबा माझ्याबरोबर एसटीत बसले. वार्ताहर दुकान उघडत होता. बाबांना पाहून त्याने हात जोडले.

"मी फक्त फाट्यावरून रस्ता दाखवला, बाबूजी. लोकं बाहेरचे होते. फोटो मी काढला नाई, खालचं मी लिहिलं नाई."

"रस्ता कोणाच्या घरचा दाखवला?"

त्याने नाव सांगितलं. आमच्या गावातली एक शेतकरीण. चार महिन्यांपूर्वी तिचा नवरा गेला होता. तो कसा गेला ते मी इथे लिहीत नाही. त्या वेळी पेपरांनी पुष्कळ लिहिलं होतं. आई ज्या वावरात वेचणीला जायची ते तिचंच होतं.

संध्याकाळी मी घरी आले तेव्हा बाबा आईसमोर बसले होते. आई तुरीच्या शेंगा सोलत होती. आत्या परत गेली होती.

"गाडी तिच्या घरी आली," बाबा सावकाश म्हणाले. "घरी ती नव्हती म्हणून वावरात गेली. वावरात ती होती. मंग फोटो तुहा कसा?"

आईने शेंगांचं सूप बाजूला सारलं.

"आता पोलिसावाणी विचारू नका. सांगतो."

आमच्याकडच्या बाया सांगतो, जातो असंच बोलतात. ती सांगू लागली. गाडी बांधाला लागली तेव्हा सहा-सात बाया वेचत होत्या. कपाशीच्या मधे तुरीच्या ओळी होत्या, चांगल्या डोक्याएवढ्या वाढलेल्या. गाडी पाहताच ती बाई त्या तुरीत जाऊन खाली बसली. त्या आठवड्यातली ती तिसरी गाडी होती. पहिल्यांनी तिला नवऱ्याची खाट अंगणात काढायला लावली होती, घरात उजेड कमी पडतो म्हणून. दुसऱ्यांनी खाट पुन्हा काढायला लावली, आणि पोरीला म्हणाले, आईच्या खांद्यावर डोकं ठेव. पोरीने त्या दिवसापासून शाळेत जाणं बंद केलं होतं.

"ती तुरीत बसून थरथर कापून राह्यलती. ते लोकं बांधावरून विचारत होते, त्या बाई कोण्या, त्या बाई कोण्या. एक जण तर तुरीकडंच पाहून राह्यला होता. मंग मी म्हणलं, मीच ते."

"अन् बाकीच्या बाया?"

"कोणी बोलल्या नाई. वेचत राह्यल्या."

म्हणजे गुरुवारपासून गावातल्या बायांना सगळं ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त बाबांना आणि मला.

बाबा उठून उभे राहिले. त्यांना इतकं चिडलेलं मी फार वेळा पाहिलेलं नाही. "दुसऱ्याच्या नावाची रजिस्ट्री तू सही करून घेतली," ते म्हणाले. "अख्ख्या नोकरीत एक कागद चुकीच्या हातात दिला नाई मी. अन् तू माह्या जिवंतपणी..."

"तिले नको होती ते रजिस्ट्री," आई म्हणाली. "मंग परत तरी कोणं पाठवाची?"

बाबा बाहेर ओट्यावर जाऊन बसले. जेवायला बोलावलं तर आले, आणि जेवून पुन्हा ओट्यावर गेले. मी आईला हळूच विचारलं, "फोटोत तू रडलीस कशी?"

"ते म्हणे, नवऱ्याची आठवण काढा." आईने पुन्हा शेंगा हातात घेतल्या होत्या. "समोर उन्ह होतं. डोळ्यात पाणी येतेच उन्हानं."

मला ते खरं वाटलं नाही. आजही वाटत नाही.

दोन दिवस बाबांचं ते पाकीट टेबलावर होतं. खुलासा छापला की गाड्या पुन्हा येतील आणि या वेळी बरोबर त्या तुरीच्या ओळीपर्यंत जातील, हे त्यांना कळत होतं. न छापला तर एक धडधडीत खोटी बातमी तशीच राहणार होती, आणि तीही त्यांच्याच मरणाची. तिसऱ्या दिवशी टेबलावर पाकीट दिसलं नाही. पोस्टात टाकलं का, असं मी विचारलं. "तुले काय कराचं?" एवढंच उत्तर मिळालं. खुलासा मात्र कधी छापून आला नाही. तो आला असता तर मी पाहिला असता. पुढे कित्येक आठवडे मी ते पान आधी उघडत असे.

दुसऱ्या आठवड्यात, भर दुपारी, पांढरी गाडी पुन्हा आली. सुट्टीचा दिवस होता म्हणून मी घरी होते. बाबा पारावर होते. गाडीतून दोघे उतरले, एकाच्या हातात तो गुरुवारचा पेपर होता. पार आमच्या घरासमोरच, मी ओट्यावरून बघत, ऐकत होते. त्यांनी बाबांना फोटो दाखवून विचारलं, या बाई कुठे राहतात?

बाबांनी आधी त्यांची ओळखपत्रं मागितली. ती दोन्ही बाजूंनी पाहिली. कुठून आले, कोणी पाठवलं, या गावाचं नाव कोणी सांगितलं, गाडी कोणाची, सगळं विचारलं. तोवर पारावर वीसेक माणसं जमली. नवरा गेलेली ती शेतकरीण त्या वेळी वावरात होती आणि सगळ्यांना ते माहीत होतं. बाबा काय सांगतात याची मलाही धास्ती वाटत होती. बाबांना आयुष्यात खोटं बोलताना मी ऐकलं नव्हतं.

शेवटी ते म्हणाले, "फोटोतली बाई माही बायको आहे."

हातात पेपर असलेला गोंधळला. "पण मग यांचे पती..."

"मीच. दहा दिवसांपूर्वी पोस्टात हयातीचा दाखला देऊन आलो. पाहाचा का?"

पारावर कोणीतरी फिसकन हसलं. दुसरा माणूस जरा हुशार होता. तो पुढे झाला. "बाबा, मग ज्यांचे पती खरोखर गेले, त्या कोण?"

"तुमच्या पेपरात छापलं ते तुम्हाले खरं वाटलं ना?" बाबा म्हणाले. "मंग आता खरं कायले पाह्यजे?"

ते दोघे थोडा वेळ घुटमळले. पारावरच्या आणखी दोघा-तिघांना त्यांनी विचारून पाहिलं. एकाने हात वर केले, एकाने ऐकू येत नसल्याचं सोंग केलं. सरपंच तिथेच होता. त्याने त्यांना चहा विचारला आणि फाट्यापर्यंत पोचवून आला. बाबांचा त्याच्यावरचा संशय त्या दिवशी बराच कमी झाला, पूर्ण गेला नाही.

संध्याकाळी वावरातून परतताना ती बाई आमच्या दारात आली. डोक्यावरचा भारा तिने खाली ठेवला नाही. बाबा ओट्यावरच होते.

"भाऊ," ती म्हणाली, "पोरगी उद्यापासून शाळेत जातो म्हणते. पण एकटी जात नाई."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, माझ्याबरोबर येऊ दे. सकाळच्या एसटीने.

दुसऱ्या दिवशी ती पोरगी फाट्यावर आली. बसमध्ये माझ्या शेजारी बसली, दप्तर घट्ट धरून. गाडी घाटंजीच्या रस्त्याला लागली. मग तिने मला विचारलं, "मॅडम, तुमच्या आईनं खरंच आमच्यासाठी केलं, का तिले पेपरात यायचं होतं?"

मला राग आला नाही. तिच्या वयाच्या पोरीने असं विचारावं, इतक्या गाड्या तिच्या दारात येऊन गेल्या होत्या. मी म्हटलं, "संध्याकाळी घरी ये. तिलाच विचार."

ती आली. आईला तिने काय विचारलं मला माहीत नाही. मी आत स्वयंपाक करत होते, आणि दोघी ओट्यावर शेंगा सोलत अंधार पडेपर्यंत बसल्या होत्या.