टोपी बसवणारा हात

टेक्सासात आमच्या गॅरेजमध्ये मी बंदुकीची काडतुसं भरायची, हे कळलं की महाराष्ट्र मंडळातल्या बायका विषय बदलायच्या. बदलू देत. ऐंशीच्या दशकात नवऱ्याने मोठ्या उत्साहाने काडतुसं भरायचा प्रोग्रेसिव्ह प्रेस आणला, दोन महिन्यांत त्याची हौस फिटली आणि यंत्र माझ्याकडे आलं. रविवारच्या नेमबाजीला मी माझीच काडतुसं न्यायची.

दांडी खाली ओढली की एका पितळी पुंगळीत दारू पडते, दुसरीवर गोळी बसते. दांडी परत वर ढकलली की तिसरीच्या बुडात टोपी बसते. टोपी म्हणजे प्रायमर, अख्ख्या मसुराएवढी. तिच्यावर घोडा आपटला की ठिणगी पडते. ती नीट बसली की नाही, हे तळव्याला कळतं.

एका रविवारी चाप ओढला आणि नुसतं टक्‌ झालं. रेंज सांभाळणारा म्हातारा आला. उशिरा उडालं तर म्हणून नळी समोरच धरायला लावून थोडा वेळ थांबला, मग काडतूस काढून माझ्या वेणीकडे पाहिलं.

"केसांना तेल लावता ना, मॅडम? तोच हात लागला असणार. तेलाने प्रायमर मरतो. पुढच्या रविवारपासून दुकानातली आणायची."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेच काडतूस रिव्हॉल्व्हरमध्ये परत घातलं, चाप ओढला. उडालं.

"मेला असता तर उडाला असता का?" मी म्हणाले. "टोपी थोडी वर राहिली होती. पहिल्या ठोक्याला ती नुसती आत गेली. चूक माझी आहे, तेलाची नाही."

"तुमचीच ना? मग दुकानातलीच आणा."

घरी येऊन प्रेससमोर उभी राहिले. टेबल सहा फुटी नवऱ्याच्या मापाचं. दांडी वर ढकलताना माझा हात खांद्याच्या वर जायचा आणि नेमका शेवटी जोर संपायचा.

"अगं, स्टूल घे ना," नवरा म्हणाला. "नाहीतर फॅक्टरीचीच घेऊन टाक. कशाला एवढं टेन्शन?"

स्टूल मी घेणार नव्हते. त्याचीच करवत घेतली आणि टेबलाचे चारही पाय वीतभर कापले. तो दारात उभा राहून बघत होता.

"मला आता वाकावं लागेल," तो म्हणाला.

"वाक."

पुढच्या रविवारी म्हाताऱ्याने विचारलं, "दुकानातली?"

"माझी."

त्याने माझा डबा उघडला आणि एकेका काडतुसाच्या बुडावरून अंगठा फिरवला. कुठेच अडला नाही. डबा त्याने परत दिला. तोही स्वतःची काडतुसं घरीच भरतो, हे मला माहीत होतं. मी हात पुढे केला.

"आता तुमचा डबा द्या."

त्याने डबा सरकवला. मी सगळी काडतुसं तपासली, एकेक करून, सावकाश. मागे रांग खोळंबली होती. खोळंबू दे.