हलगी तापवायची जागा

"इथं नको हं जाळ. मागे जा, कचऱ्याच्या डब्यांपाशी. आणि तापवून झाली की सरळ गेटवर या."

वैशालीताई असं म्हणाल्या तेव्हा माझ्या एका हातात हलगी होती, दुसऱ्या हातात काडेपेटी. अंगावर आईची इरकल, केसांत गजरा. हैदराबादमधल्या विद्यानगरच्या हॉलच्या पुढच्या पायऱ्यांवर मी उभी होते. पहिल्यांदा वाटलं, या दुसऱ्याच कुणाशी बोलताहेत.

"गेटवर कशाला?" मी विचारलं.

"अहो, स्वागताला! पाहुणे आले की वाजवायचं. हलगीशिवाय स्वागताला मजा नाही."

"आणि स्टेजवर?"

त्या हसल्या. "स्टेजवर शास्त्रीय आहे ना. तुमचा आवाज केवढा! आत लोकांचे कान फुटतील."

विद्यानगरात दरवर्षी सगळ्या भाषांची मंडळं मिळून संगीताचा महोत्सव करतात. वीणा असते, कव्वाली असते, सारंगी असते, बंगाली गाणी असतात. दारावर भलामोठा फलक, सगळ्या संस्कृती एक आहेत म्हणून. वैशालीताई मराठी मंडळाच्या सेक्रेटरी. नवऱ्याच्या कंपनीमुळे पुण्याहून आलेल्या. माझ्या ऑफिसच्या कार्यक्रमातला व्हिडिओ कुणीतरी त्यांना दाखवला आणि त्यांचा फोन आला. "बाई हलगी वाजवते, किती वेगळं! या वेळी आपल्या मराठीकडून तुम्हीच. आणि तुमचं बोलणं किती गोड हो, अगदी हैदराबादी."

"स्टेजवर ना?" मी तेव्हाच विचारलं होतं.

"म्हणजे काय, स्टेजवरच."

मी हुरळले. हुरळली मेंढी, लागली लांडग्याच्या पाठी.

एकटी हुरळले असते तर एवढं लागलं नसतं. मी अप्पांना शब्द दिला होता. अप्पा म्हणजे माझे वडील.

आम्ही मांग. देगलूरकडचे. अप्पा पोरसवदा असताना गावच्या लग्नांत हलगी वाजवायचे. पंगत मांडवात, अप्पा मांडवाबाहेर. शेवटची पंगत उठेपर्यंत वाजवायचं, मग पत्रावळीवर उरलेलं घेऊन घरी जायचं. एका लग्नात उभं राहून राहून पाय भरून आले, म्हणून ते मांडवाच्या मेढीला जरा टेकले. मांगाचं अंग मेढीला लागलं म्हणून यजमानानं हलगीवर लाथ घातली. गळ्यात अडकवलेल्या हलगीवर. चामडं फाटलं, बरगडीला मुका मार बसला. त्याच संध्याकाळी अप्पांनी हलगी ओढ्यात फेकली आणि हैदराबाद गाठलं. कुकटपल्लीच्या कारखान्यात जन्म काढला. घरात हलगीचं नाव काढू दिलं नाही.

मी शिकले ती मामाकडे, सुट्टीत, चोरून. अप्पांना कळलं तेव्हा ते माझ्याशी बोलेनात. मी पाठ सोडली नाही. म्हटलं, "अप्पा, वाद्याचा काय गुन्हा? गुन्हा दारात उभं करणाऱ्यांचा."

"उभं करणारे मेलेत का?" अप्पा म्हणाले.

तेव्हा मी शब्द दिला. "या वेळी दारात नाही अप्पा, स्टेजवर. वीणा ठेवतात तिथं. मी वर, लोक खाली. एकदा या आणि बघा."

ते आले. दिलसुखनगरच्या आमच्या घरून रिक्षानं, नवा पांढरा शर्ट घालून. मी पायऱ्यांवर वैशालीताईंशी बोलत होते तेव्हा अप्पा आत दुसऱ्या रांगेत बसून माझ्या नावाची वाट बघत होते.

हवा ढगाळ होती. अशा हवेत हलगीचं चामडं सैल पडतं, आवाज भद्द येतो. जाळावर धरलं की ताणतं, मग हलगी कडाडते. आम्ही सूर लावतो तो असा. उघड्या दारातून आतलं स्टेज दिसत होतं. तबलजी हातोडीनं ठोकून ठोकून तबला जुळवत होता. त्याला कुणी मागे जा म्हणालं नाही. लोक गप्प बसले होते. त्याच्या शेजारी समई जळत होती. तो जाळ चालतो. तबल्याला काय केळीचं पान लावतात? चामडंच लावतात. तेही चालतं.

मी मागे गेले. का गेले, अजून स्वतःवर राग येतो. हाडात बसलेली सवय असेल. सांगितलं की जायचं.

डब्यांपाशी एक माणूस गवत पेटवून बसला होता. यादगिरी, डप्पू वाजवणारा. डप्पू म्हणजे तेलुगू लोकांची हलगी. तसंच चामडं, तसाच जाळ, दारात उभं राहणंही तसंच.

"आओ अक्का, आग तय्यार है," तो म्हणाला.

"तुमकू बी गेटपे बोले?"

"हौ. हर साल गेटपेच. अंदर नई बुलाते."

मी हलगी जाळावर धरली. डब्यांतून शिळ्या सांबाराचा वास येत होता. तो वास नाकात गेला आणि मला अप्पांची पत्रावळ दिसली. मी ती कधी पाहिली नव्हती, फक्त ऐकली होती. चामडं ताणत गेलं. बोटानं टिचकी मारली तर खणखणीत बोलली. सुरात आलेली हलगी हातात होती आणि मी कचऱ्यात बसले होते. तेव्हा डोकं फिरलं.

गेटवर गेले, पण वाजवायला नाही. पाहुण्यांची गाडी आली. निवृत्त झालेले कुणी मोठे साहेब होते. वैशालीताई तबक घेऊन धावल्या.

"हं, वाजवा!"

यादगिरीनं डप्पू सुरू केला. मी हलगी वाजवायचं टिपरू कमरेला खोचलं.

"वाजवा ना, अहो!"

"मी इथं वाजवणार नाही. स्टेजवर म्हणाला होतात, स्टेजवर वाजवीन."

"पाहुणे समोर आहेत आणि तुम्ही भांडताय? ते बघा, ते वाजवतात ना गुपचूप. त्यांना कमीपणा वाटत नाही. तुम्हालाच बरं हे सगळं जुनं आठवतं!"

"आठवत नाही बाई," मी म्हणाले, "दिसतंय."

साहेबांनी डप्पूकडे बघून हात जोडले, फोटो काढून घेतला आणि आत गेले. वैशालीताई त्यांच्या मागोमाग. जाता जाता म्हणाल्या, "म्हणूनच तुम्हा लोकांना बोलवायला नको वाटतं."

मी वळले तर पायऱ्यांवर अप्पा. डप्पूचा आवाज ऐकून ते बाहेर आले होते. त्यांना वाटलं, मीच वाजवतेय. त्यांनी मला बघितलं ते असं, गळ्यात हलगी अडकवून, गेटच्या खांबाशी. मी वाजवत नव्हते, पण उभी तिथंच होते.

"टाकून दे ती," अप्पा म्हणाले.

"नाही टाकणार."

"मग कर काय करायचं ते. मला पुन्हा बोलवू नको."

ते एकटेच रस्त्याकडे चालू लागले. मी त्यांच्या मागे निघाले तेव्हा यादगिरी आडवा आला. खाली बघत म्हणाला, "मेरे पे गुस्सा नक्को करो अक्का. तुमकू नौकरी है, तुम नक्को बोल सकते. मैं बोला तो कल से बुलातेच नई."

वैशालीताईंचं बोलणं मी शिव्या देऊन उडवून लावलं असतं. यादगिरीचं उडवता आलं नाही. खरं होतं ते. महिन्याचा पगार हातात पडतो म्हणून माझ्या तोंडातून 'नाही' निघालं. ज्याच्या तोंडातून निघू शकत नाही त्याला पुढं करून त्या बाईनं मला गप्प करायला बघितलं. या गोष्टीचा मला सगळ्यात जास्त संताप येतो.

या वर्षी पुन्हा त्यांचा फोन आला. "मागचं विसरून जाऊ हं. यंदा स्टेजवर पाच मिनिटं देते. फक्त ते जाळबीळ घरूनच उरकून या."

"उद्या सांगते," मी म्हणाले आणि यादगिरीच्या घरी गेले. माझ्या मनात काय आहे ते त्याला सांगितलं. त्यानं बायकोकडे बघितलं. मग म्हणाला, "बोलो अक्का. मेरा नाम बी बोलो."

दुसऱ्या दिवशी मी फोन लावला. "ताई, ऐका. जाळ हॉलच्या पुढच्या पायऱ्यांवर पेटेल. मी हलगी तापवीन, यादगिरी डप्पू तापवेल. तबला जुळवताना गप्प बसता तसं आमचं होईपर्यंतही गप्प बसायचं. मग दोघं पुढच्या दारानं आत येऊ आणि स्टेजवर वाजवू. गेटवर कुणी उभं राहणार नाही. स्वागत करायचं असेल तर तुम्ही टाळ्या वाजवा."

"हे जरा जास्तच होतंय."

"होऊ द्या. कमीत माझ्या बापाचा जन्म गेला."

त्यांनी फोन ठेवला. अजून उलटा फोन नाही. मी वाट बघत नाही.

हलगी घरात खिळ्याला टांगली आहे. अप्पा तिच्याकडे पाठ करून बसतात. बसू देत. त्यांनी फेकली ते बरोबर केलं. मी ठेवली तेही बरोबर आहे. जाळ पेटेल तर त्या पायऱ्यांवरच पेटेल. तोवर या शहरात कुणाच्याही दारात मी हलगी वाजवणार नाही, मग मंत्री येवो नाहीतर देव येवो.