लवंगांवरचा उपास आणि खिशातली पट्टी

आई आजारी पडली ती उपासानं नाही. माझ्यामुळं. हे घरात मी बरीच वर्षं सांगितलं नव्हतं.

नवरात्राचे नऊ दिवस आई रोज दोन लवंगा आणि पाणी, एवढ्यावरच काढायची. शिवाय पहाटे अनवाणी कर्णपुऱ्याच्या देवीला. त्या वर्षी तिचे गुडघे सुजले. दर्शन चुकू नये म्हणून तिनं मला हळूच सांगितलं, "एखादी गोळी आण. ताईला कळू देऊ नको, लई बोलती ती."

"उपाशीपोटी?"

"गोळीनं काय उपास मोडतो व्हय?"

गुलमंडीतल्या मेडिकलमध्ये चिठ्ठी न दाखवताच दुखण्याच्या गोळ्यांची पट्टी मिळाली. तिसऱ्या दिवशी आईला कणकण आली, तेव्हा माझ्या कंबरदुखीच्या उरलेल्या गोळ्याही सुरू केल्या. नावं वेगळी, म्हणजे औषधं वेगळी, असं धरून चाललो. मागची बारीक अक्षरं वाचलीच नाहीत. दोन्हींत औषध एकच होतं.

सहाव्या दिवशी सकाळी आई मोरीत वाकली आणि चहाच्या चोथ्यासारखं काळं ओकली. तिचे हात गार पडले होते.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "दुखण्याच्या गोळ्या घेतात का?"

ताई शेजारीच उभी. मी म्हणालो, "नाही. उपास आहे."

"चघळ अजून लवंगा!" ताई आईवर ओरडली. आईनं माझ्याकडं नुसतं पाहिलं.

ताई फॉर्म भरायला गेली तशी आई कुजबुजली, "गुडघा लई ठणकतोय रे. हाये का एखादी?"

दोन्ही पट्ट्या शर्टाच्या खिशात होत्या. माझा हात सवयीनं तिकडं गेलासुद्धा. मग तसाच वळलो. डॉक्टरांच्या खोलीत गेलो आणि त्या टेबलावर ठेवल्या.

त्यांनी पट्ट्या उलटून वाचल्या. "पोटात जखम झालीय यानं. रिकाम्या पोटी, त्यात दुप्पट. मघाशी का नाही बोललात?"

डॉक्टरांनी पोटात दुर्बीण घालून रक्त थांबवेपर्यंत मी दाराबाहेर उभा होतो. दार उघडलं की काय ऐकावं लागेल, एवढंच डोक्यात.

आई वाचली. पण लवंगांवरचा उपास कायमचा सुटला, आणि उपासानं जीवावर बेतलं म्हणून दर नवरात्रात ताई आईला बोलायला लागली. यंदा ताई पुन्हा सुरू झाली, तेव्हा मी सगळं सांगून टाकलं.

ताई माझ्याकडं वळली. मग म्हणाली, "आणि इतकी वर्षं तिला ऐकून घ्यायला लावलंस?"

"जाऊ दे गं," आई म्हणाली. "मीच मागितली होती."

ताईनं तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ती माझ्या उत्तराची वाट बघत होती.